कचरा टनावर मोजला की काय होते?

सांगली-मिरज-कुपवाडच्या कचऱ्याची बातमी वर्षातून दोन-चारदा हमखास येते आणि तिचा साचाही ठरलेला असतो. समडोळी रस्त्यावरच्या किंवा मिरजेच्या बेडग रस्त्यावरच्या डेपोचा फोटो, 'बायोमायनिंग', 'घनकचरा प्रकल्प', 'टिपिंग फी' असे दोन-तीन जड शब्द, काही कोटींचा आकडा, एका नेत्याचा आरोप आणि दुसऱ्याचा खुलासा. वाचून झाल्यावर कोणाचे कोणाशी वाजले ते कळते. कचऱ्याचे पुढे काय होणार, ते मात्र कळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली, मग प्रशासकाचा कारभार आला, जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाली. बातमीतले शब्द तेच राहिले. डेपोच्या जागी सोनगाव लिहिले की हीच बातमी साताऱ्यातही चालते.

या गुंत्यात शिरायला एक सोपी वाट आहे. ठेकेदाराला पैसे नेमके काय मोजून दिले जातात, एवढे विचारायचे. बाकीचे बरेचसे त्यातून आपोआप उलगडते.

किती कचरा आणि कसला

२०११ च्या जनगणनेत तिन्ही शहरे मिळून लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. आपल्याकडच्या शहरांत माणशी रोज तीनशे ते पाचशे ग्रॅम कचरा धरायची पद्धत आहे. चारशे धरू. म्हणजे त्या जुन्या लोकसंख्येवरही दिवसाला २०० टन आणि वर्षाला ७३,००० टन. हा माझा बोटांवरचा हिशेब आहे, महापालिकेचा अधिकृत आकडा नव्हे. प्रश्न केवढा आहे ते कळायला तो पुरतो.

यातला साधारण निम्मा ओला असतो. भाजीचे देठ, फळांची साले, खरकटे, निर्माल्य. उरलेल्यात कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, चिंध्या, रस्ता झाडताना आलेली माती. आणि वजनाने थोडा पण त्रासाला मोठा असा एक भाग: डायपर, सॅनिटरी पॅड, मुदत संपलेल्या गोळ्या, बॅटऱ्या, फुटक्या ट्यूबलाइट.

ओला कचरा पातळ पसरला, त्याला हवा मिळाली, अधूनमधून उलथापालथ केली तर दीड-दोन महिन्यांत त्याचे खत होते. तोच कचरा वीस फूट ढिगाऱ्याखाली दाबला की हवा संपते आणि तो वेगळ्याच तऱ्हेने सडतो. त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हवा तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट भारी. शिवाय तो पेट घेतो. भर उन्हाळ्यात डेपो धुमसतो तेव्हा दरवेळी कोणी काडी लावलेली असतेच असे नाही; आत वायू आणि उष्णता दोन्ही तयार असतात. पावसाळ्यात याच ढिगातून काळे पाणी झिरपते. बोअरच्या पाण्याला वास येतो म्हणून डेपोशेजारची माणसे ओरडतात त्यामागे बहुधा हे पाणी असते.

हे सगळे टळू शकते, पण ओले आणि सुके एकमेकांत कालवले नसेल तरच. सांगली-तासगावच्या माणसाला हे बेदाण्यावरून पटकन कळेल. हिरवा, पिवळा, काळा अशी प्रतवारी करून माल सौद्यात आला की प्रत्येकाला आपापला भाव मिळतो. तिन्ही एकत्र करून, वर काड्या आणि माती मिसळून पोते आणले तर अडत्या नमुना हातात घेऊन परत ठेवतो. माल तोच, मेहनत तीच. पुठ्ठ्यावर आमटी सांडली की भंगारवाला तो घेत नाही आणि खतात काचेचे तुकडे आले की शेतकरी ते घेत नाही.

बायोमायनिंग म्हणजे काय

जुना ढीग उकरून, चाळून, वेगवेगळा करून जागा मोकळी करणे म्हणजे बायोमायनिंग. मराठीत ढीग-चाळणी म्हटले तरी चालेल. ढीग आधी सैल करतात, त्याच्या लांबट रांगा लावतात, वर जिवाणूंचे द्रावण फवारतात, काही दिवसांनी परत उलटतात. ओल आणि वास कमी झाला की माल मोठ्या फिरत्या चाळणीत घालतात. खाली बारीक मातीसारखा भाग पडतो, वर प्लॅस्टिक-चिंध्या राहतात, दगड-विटा-लोखंड बाजूला निघते.

प्लॅस्टिक-चिंध्यांच्या त्या भागाला 'आरडीएफ' म्हणतात, म्हणजे कचऱ्यातून काढलेले जळण. ते सिमेंटच्या भट्टीत कोळशाबरोबर जाळतात. तिथे उष्णता १४०० अंशांच्या वर असते, त्यामुळे उघड्यावर प्लॅस्टिक जाळल्यावर जे विषारी वायू निघतात ते बरेच आटोक्यात राहतात. आपल्याला जवळच्या अशा भट्ट्या कर्नाटकात, बागलकोट-कलबुर्गीच्या बाजूला. म्हणजे ट्रकभाडे आले. जळण ओले आणि मातीने भरलेले असेल तर भट्टीवाला ते नाकारतो, आणि मग चाळून झालेला माल डेपोच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवा ढीग होऊन बसतो. 'काम ९० टक्के पूर्ण' ही बातमी तेव्हाही छापून येऊ शकते, कारण चाळणी खरोखर फिरलेली असते.

बारीक मातीबद्दलही सावध राहायला हवे. जुन्या ढिगातून तीच सगळ्यात जास्त निघते. तिला कोणी 'खत' म्हणून वाटायला लागला तर आधी तपासणीचा अहवाल मागावा. त्यात काचेचा चुरा असतो, बॅटऱ्यांतले जड धातू असू शकतात. खड्डे भरायला, भराव घालायला ती ठीक. कृष्णाकाठी आधीच पाण्याच्या अतिवापराने कितीतरी जमीन क्षारपड झाली आहे. तिथे क्षार वाढवणारी माती फुकट मिळाली तरी महागच.

केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२१ ला स्वच्छ भारत अभियानाचा शहरी दुसरा टप्पा सुरू केला, त्यात जुने ढीग हटवणे हे एक मुख्य काम ठरवले आणि त्यासाठी पैसेही दिले. म्हणून गेल्या काही वर्षांत हा शब्द अचानक गावोगावी ऐकू येऊ लागला. योजना वाईट नाही. पण एका दाराने ढीग उपसायचा आणि दुसऱ्या दाराने रोजचा नवा, न निवडलेला कचरा आत घ्यायचा, असे चालले तर चाळणी कायमची फिरत राहते. ठेकेदाराला त्याचे दुःख असण्याचे कारण नाही.

आता टनाचा हिशेब

बऱ्याच शहरांत कचरा गोळा करून वाहून नेण्याचा ठेका टनावर असतो. गाडी डेपोच्या काट्यावर चढते, वजन होते, पावती निघते, महिन्याला बिल. कचऱ्यावर प्रक्रिया करण्यासाठी टनामागे द्यायची रक्कम म्हणजे 'टिपिंग फी'. वरवर पाहता पद्धत रास्त वाटते. काम मोजायचे, पैसे द्यायचे.

पण काट्याला फक्त वजन कळते, आणि कचऱ्यात जड काय असते ते आठवून पाहा. प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी शिगोशीग भरलेली घंटागाडी काट्यावर जेमतेम काही दाखवते. त्याच गाडीत तळाला बांधकामाचा राडारोडा आणि ओली माती असेल तर काटा खुशीत वर जातो. राडारोड्यासाठी २०१६ पासून स्वतंत्र नियम आहेत, तो घरच्या कचऱ्यात येताच कामा नये. तरी तो येतो, आणि तो थांबवण्यात वाहून नेणाऱ्याचा काडीचा फायदा नाही. पावसात भिजलेला कचरा जास्त भरतो, म्हणजे पावसाळ्यात आपण कृष्णेच्या खोऱ्यातला पाऊसही टनाच्या दराने विकत घेतो.

घरच्या घरी खत करणाऱ्या बाई या हिशेबात कुठे बसतात? त्यांनी महापालिकेचे टनामागचे पैसे वाचवले. ते त्यांना मिळत नाहीत, ठेकेदाराला तर ते नुकसानच. पुठ्ठा आणि बाटल्या उचलून नेणारा कचरावेचकही तसाच. रोज कितीतरी वजन तो काट्यावर जाऊ देत नाही, आणि त्याबद्दल त्याला मुकादमाच्या शिव्या खाव्या लागतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी अशा कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले होते. कागदावर.

मी कोणी चोर आहे असे म्हणत नाही. सगळे अगदी प्रामाणिक असले तरीही टनावर चालणारी व्यवस्था जास्त कचऱ्याकडेच झुकते. कमी कचरा ही तिच्या दृष्टीने मंदी.

जुन्या ढिगाच्या कामातही हाच पेच आहे. उकरलेल्या घनमीटरवर पैसे दिले तर उकरणे होते. डेपोबाहेर गेलेल्या मालावर, म्हणजे जळण भट्टीत पोचल्याच्या आणि माती भरावाच्या जागी पडल्याच्या पावतीवर पैसे दिले तर जागा खरोखर मोकळी होते. करारातल्या एका ओळीचा फरक.

'आम्ही वेगळा देतो, ते एकत्रच टाकतात'

हा आक्षेप विश्रामबागेतल्या अपार्टमेंटमध्ये ऐकू येतो तसाच गावभागातल्या वाड्यातही, आणि तो खरा आहे. घंटागाडीला मधे पत्रा नसेल, किंवा पत्रा असून पुढे दोन्ही कप्पे कचरा दाबून नेणाऱ्या एकाच कॉम्पॅक्टरमध्ये उलटत असतील, तर घरात दोन बादल्या ठेवणे हा निव्वळ संस्कार वर्ग आहे. माणसे आठवडाभर करतात, गाडीत डोकावतात आणि सोडून देतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना जनजागृतीची पथनाट्ये दाखवण्यातही नाही.

माझ्या मते क्रम उलटा हवा. आधी गाडी, मग पुढची जागा, मग घर. आणि घरांच्याही आधी मोठे कचरेकरी. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना २०१६ च्या नियमांनी वेगळ्या रांगेत उभे केले: हॉटेले, मंगल कार्यालये, मोठ्या सोसायट्या. यातल्या हॉटेलांनी आणि मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आपल्याच जागेत जिरवायचा, असे त्यात होते. लाखभर घरांच्या सवयी बदलायला वर्षे लागतील. फळमार्केट, शिवाजी मंडई, लग्नसराईतली कार्यालये ही ठिकाणे मात्र एका कागदावर मावतील. तिथे कचरा ओला आणि बहुतांशी निर्भेळ मिळतो, एका जागी मिळतो, रोज किंवा ठरल्या तारखांना मिळतो. एका मुहूर्ताच्या दिवशी शहरात किती पंगती उठतात ते सांगलीकरांना सांगायला नको. सुरुवात तिथून न करता घरोघरी हिरवी-निळी बादली वाटून का करतात? बादलीचे वाटप फोटोत चांगले दिसते, हे एक कारण मला सुचते.

'मग वीज का तयार करत नाहीत?'

प्रत्येक निवडणुकीत कोणीतरी हे आश्वासन देतो. परदेशात कचऱ्यापासून वीज होते, खरे आहे. तिथला कचरा कोरडा असतो. आपल्या कचऱ्यात निम्मे पाणी. तो पेटवायला घेतला तर बरीचशी उष्णता ते पाणी उकळण्यातच जाते. २०१६ च्या नियमांनीही उष्मांकाची रेषा आखली होती: पुनर्वापर होत नाही आणि किलोमागे १५०० किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देतो असा कचरा खड्ड्यात न पुरता जळण म्हणून वापरावा. आपल्या शहरांतला मिश्र कचरा अनेकदा त्या रेषेच्या खाली असतो.

ओल्यापासून गॅस करणे त्यापेक्षा जमण्यासारखे आहे. गोबरगॅस ज्यांनी पाहिला त्यांना तत्त्व नव्याने सांगायला नको. पण तिथेही एक पिशवी, एक चमचा, एक चिंधी आत गेली की पंप अडकतो. फिरून गाडी त्याच जागी येते.

पुराचा कचरा

सांगलीच्या हिशेबात एक रकाना असा आहे जो बऱ्याच शहरांत नसतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आठवते, २०२१ तर कालपरवाचे. पाणी ओसरले की चार दिवसांत रस्त्याच्या कडेला जे येते ते वर्षभराच्या कचऱ्यापेक्षा वेगळे असते. भिजून दगड झालेल्या गाद्या, आंबलेले धान्य, फुगलेली प्लायवूडची कपाटे, वह्या-पुस्तके, दुकानांतला सगळा माल, फ्रिज, मेलेली जनावरे, आणि सगळ्यावर गाळ. त्या वेळी ओला-सुका कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. रोगराईची भीती असते, मिळेल त्या जेसीबीने मिळेल त्या डंपरमध्ये भरून ते बाहेर काढावे लागते.

आता पुन्हा काटा आठवा. पाणी प्यायलेली एक गादी किती भरेल? आणीबाणीचा ठेका, आणीबाणीचा दर, गाळासकट वजन. पुढची कित्येक वर्षे हा सगळा ऐवज डेपोत जुन्या ढिगाचा भाग होऊन राहतो आणि बायोमायनिंगच्या वेळी त्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.

पूर थांबवणे महापालिकेच्या हातात नाही. जूनच्या आधी पूररेषेच्या वरची एक जागा ठरवणे, तिथे गाद्या-लाकूड एकीकडे, विजेच्या वस्तू एकीकडे आणि गाळ एकीकडे टाकायची सोय करणे, आणि या कामाचा दर टनाऐवजी खेपेवर किंवा दिवसावर आधीच मंजूर करून ठेवणे हातात आहे. पुराच्या बैठकीत बोटी आणि निवारा केंद्रांची यादी होते, ती हवीच. तिच्याखाली कचऱ्यासाठीही चार ओळी मावतील.

विट्याला जमते, मग सांगलीला का नाही?

स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला नंबर २०२० मध्ये कराडचा आला, २०२१ मध्ये विट्याचा, २०२२ मध्ये पाचगणीचा. सलग तीन वर्षे आपल्याच सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतले शहर. पाचगणीने तर कचरा टाकायच्या जागेचीच बाग केली आणि तिला स्वच्छ भारत पॉइंट नाव दिले.

याचा अभिमान वाटावाच, पण थेट तुलना करताना हात आखडता घ्यावा लागतो. जनगणनेप्रमाणे कराड आणि विटा पन्नास हजारांच्या आसपासची गावे, पाचगणी पंधरा हजारांचे. तिथे गाडीवरचा माणूस घरातल्या माणसाला नावाने ओळखतो आणि कचरा एकत्र दिला तर तो तोंडावर सांगू शकतो. पाच लाखांच्या शहरात गाडीवरचा माणूस ठेकेदाराकडे रोजंदारीवर, आज इथे, उद्या तिथे. शिवाय सर्वेक्षणाचे काही गुण कागदपत्रांवर मिळतात, आणि कागद रंगवण्यात कमी-जास्त हुशारी सगळीकडेच असते.

एवढे वजा करूनही धडा उरतो. पाच लाखांचे शहर एकदम सांभाळायला कोणी सांगितलेले नाही. एका प्रभागाची लोकसंख्या विट्याच्या निम्म्याच्या आसपास भरेल. कायमची माणसे, कायमची गाडी, ठरलेली वेळ आणि प्रभागातच ओल्याची सोय, एवढे एका प्रभागात वर्षभर करून दाखवले तर पुढे बोलता येईल. मोठ्या प्रकल्पाचे भूमिपूजन होते तसे याचे होत नाही, ही अडचण आहे खरी.

'घरपट्टी भरतो, वर आणखी शुल्क कशाला?'

घनकचऱ्याचे वापरकर्ता शुल्क हे शब्द आले की सगळे पक्ष एका सुरात विरोध करतात. तत्त्वत: शुल्काला माझा विरोध नाही; कचरा करणाऱ्याने खर्च उचलावा हे बरोबर आहे. पण वेगळा करून देणारा आणि न देणारा दोघांना सारखीच रक्कम लावली तर ते शुल्क न राहता घरपट्टीचे शेपूट होते. जी सोसायटी आपला ओला कचरा आवारातच जिरवते तिला सूट द्या, मग बघा किती सोसायट्यांना अचानक जागा सापडते.

पुढची बातमी आली की

डेपोच्या फोटोखालची बातमी वाचताना काही गोष्टी शोधाव्यात. ठेका टनावर आहे की घरांच्या संख्येवर? ढिगाच्या कामाचे पैसे उकरण्यावर आहेत की बाहेर गेलेल्या मालावर? काम चालू असताना नवा कचरा त्याच जागी पडतो आहे का? आणि आलेल्या दर शंभर टनांतले किती टन शेवटी खड्ड्यात पुरावे लागतात? शेवटचा आकडा बातमीत जवळजवळ कधीच नसतो. बातमीदाराची अडचण मला समजते. त्याला संध्याकाळपर्यंत चारशे शब्द द्यायचे असतात, आरोप फोनवर मिळतो, काट्याच्या पावत्या फोनवर मिळत नाहीत.

त्या आपल्याला मागता येतात. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा, अर्जाला दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'कचऱ्याबाबत संपूर्ण माहिती द्यावी' असे लिहिले तर संपूर्ण काहीच मिळत नाही. एक महिना निवडावा आणि त्या महिन्यापुरते तीनच कागद मागावेत: काट्यावर आत आलेले रोजचे वजन, डेपोबाहेर गेलेल्या खताच्या व जळणाच्या पावत्या, आणि त्या महिन्यात मंजूर झालेले बिल. पहिला आणि तिसरा कागद सहसा असतोच, त्याशिवाय पैसे निघत नाहीत. दुसरा नाही असे उत्तर आले, तर ते उत्तर आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे घेऊन जावे आणि पुढच्या महासभेत मांडायला सांगावे.